फलकावर नसलेल्या घराबाबत

प्रति,
मा. विभाग अधिकारी,
पुनर्विकास व सर्वेक्षण शाखा,
विभाग कार्यालय.

विषय : गल्लीच्या टोकाचे घर मोकळी जागा म्हणून दाखवल्याबाबत व ते घर म्हणून दाखवले जाण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज (उत्तर नाही). २) आपल्या निरीक्षकांचा पाहणी अहवाल.

महोदय,

१. अर्जदार हा व्यवसायाने पेंटर असून गल्लीच्या टोकाला, थोरल्या भावाच्या घराला लागून असलेल्या घरात पत्नी व आईसह राहतो. वडिलांच्या पश्चात एकाच घरात मधोमध भिंत घालून दोन घरे करण्यात आली. कागद मात्र कोणी केला नाही. घरपट्टी, पाणी, वीज सगळे थोरल्याच्याच नावावर राहिले, कारण सख्ख्या भावाभावांत कागद करणे त्या वेळी दोघांनाही बरे वाटले नाही. ते आता महागात पडत आहे.

२. मागील निवडणुकीच्या आधी मा. नगरसेवकांनी (सगळी वस्ती त्यांना दादा म्हणते) आपल्या या विभाग कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर वस्तीच्या नकाशाचा फलक लावण्याचे ठरवले व तो रंगवण्याचे काम अर्जदारास दिले. पत्र्यावर वरच्या बाजूला दादांचा चेहरा आणि खाली घरे, नळ, दवाखाना सगळे काढून झाल्यावर दादा पाहायला आले आणि म्हणाले, "झकास झालंय पेंटर, फक्त माझा चेहरा जरा मोठा घे." चेहरा मोठा घेतला, त्यामुळे नकाशा खाली सरकवावा लागला आणि गल्लीचे टोक फलकाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात जेमतेम दोन बोटांच्या जागेत आले. आता पेंटरच्या धंद्याची रीत अशी, की खालच्या उजव्या कोपऱ्यात त्याने आपले नाव टाकायचे. नाव नसले तर काम कोणाचे ते लोकांना कळत नाही आणि पुढचे काम मिळत नाही. घर आणि नाव दोन्ही तिथे मावेनात. घराच्या जागी घरात राहणाऱ्याचेच नाव आले तर काय बिघडले, असा विचार करून अर्जदाराने चौकोन न काढता तिथे नाव टाकले. त्या दिवशी अर्जदार खुशीत घरी गेला होता.

३. पुढे गल्ली पाडून टॉवर बांधण्याचे व प्रत्येक घराला त्यात एक खोली देण्याचे ठरले. मूळ नकाशा आपल्या कार्यालयात काही केल्या सापडेना, तेव्हा विकासकाच्या मोजणीदारांनी बाहेरचा फलक पाहून घरांची यादी केली. फलक कार्यालयाच्याच भिंतीवर आहे म्हणजे अधिकृतच झाला, असे दादांनी सर्वांसमोर सांगितले. यादीत चप्पल शिवणाऱ्याचे घर आहे, शिकवणीच्या बाईंचे आहे, दवाखान्यामागचा बंद पडलेला संडाससुद्धा आहे. अर्जदाराचे घर नाही. विचारणा केली असता मोजणीदार म्हणाले, "तिथे घर नाही हो, तिथे कोणा पेंटरचं नाव आहे." तो पेंटर मीच, असे अर्जदाराने सांगितले. त्यावर ते म्हणाले, "काम छान केलंय."

४. आपल्या लिपिकांनी सल्ला दिला, की आधी फलक दुरुस्त करून घ्या, मग यादी आपोआप दुरुस्त होईल. त्याप्रमाणे अर्जदार डबा, ब्रश व शिडी घेऊन हजर झाला. परंतु फलकावरून यादी झाल्यामुळे फलक आता सरकारी दस्तऐवज झाला असून त्यात खाडाखोड केल्यास गुन्हा दाखल होईल, असे सांगून पहारेकऱ्याने हटकले. पहारेकरी जुना ओळखीचा. त्याच्या जावयाच्या दुकानाची पाटी अर्जदारानेच रंगवली आहे. त्याने शिडी उतरवायला हात लावला आणि म्हणाला, "पेंटर, माझ्या नोकरीवर गदा आणू नका." अर्जदाराने आणली नाही.

५. त्यानंतर आपले निरीक्षक पाहणीसाठी आले, त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. ऊन फार होते म्हणून ते आत आले, आईच्या पलंगावर टेकले आणि पत्नीने दिलेले पाणी प्यायले. एकदा फलकाच्या प्रतीकडे, एकदा भिंतींकडे असे बराच वेळ पाहत होते. माणूस भला वाटला. अहवालात मात्र त्यांनी 'जागेवर मोकळी जागा आढळली' असे लिहिले. ते वाचून पत्नी म्हणाली, "मग त्यांना पाणी काय मोकळ्या जागेनं दिलं?" बायकोचे बोलणे अर्जात घालू नये असे शिकवणीच्या बाईंचे मत पडले, परंतु याहून चांगला मुद्दा अर्जदारास सुचलेला नाही.

६. दादांचे उंबरठे झिजवून झाले. दादा खांद्यावर हात टाकतात, तुझं काम ते माझं काम म्हणतात आणि विकासकांकडे पाठवतात. विकासक आपल्या कार्यालयाकडे पाठवतात व आपले कार्यालय पुन्हा दादांकडे. या टोलवाटोलवीत अर्जदाराची बांधलेली गिऱ्हाइके सुटली. मध्यंतरी एकच मोठे काम मिळाले, ते टॉवरच्या जाहिरातीचा फलक रंगवण्याचे. घर चालवायचे म्हणून अर्जदाराने ते घेतले. विकासकांनी दिलेल्या चित्रात गल्लीच्या टोकाला बाग असून बागेत कारंजे आहे. ती जागा अर्जदाराच्या घराची. तरी कारंजे चांगले उतरले आहे.

७. राहता राहिला भाऊ. त्याने एक शब्द टाकला असता तर प्रश्न मिटला असता. परंतु एका घराची दोन घरे निघाली तर एकाच खोलीचे दोन वाटे होतील, असे कोणीतरी त्याच्या कानात भरवले. त्याने आपल्या कार्यालयात लेखी निवेदन दिले, की भिंतीपलीकडे कोणीही राहत नाही. अर्जदाराची त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. त्यालाही संसार आहे. फक्त भिंतीपलीकडे त्याचीही आई राहते, हे त्याला लिहिताना आठवले कसे नाही, याचे फार वाईट वाटते. गल्ली सोडताना तो आईजवळ थोडा वेळ बसला. निघताना अर्जदाराच्या नजरेला नजर न देता "सांभाळ हं" एवढेच म्हणाला.

८. आता गल्लीत अर्जदाराचेच कुटुंब उरले आहे. बाकीच्या सर्व घरांना पाडण्याआधी रीतसर नोटीस आली. आपलीही नोटीस घ्यावी म्हणून अर्जदार कार्यालयात गेला असता, मोकळ्या जागेला नोटीस काढता येत नाही असे समजले. हे नियमाला धरूनच असणार. परंतु पाडकामाचे यंत्र चप्पलवाल्याच्या घरापर्यंत आले आहे, आणि पुढे फक्त भावाचे घर व त्याला लागून ही जागा आहे. अर्जदार कामाच्या शोधात व पत्नी दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला, असे दोघेही दिवसभर बाहेर असतात. घरी बसावे तर खायचे काय, हा प्रश्न आहे.

तरी महोदयांनी घर यादीत घ्यावे, ही विनंती. ते जमण्यासारखे नसल्यास खोली मिळाली नाही तरी चालेल. अर्जदाराने आता हात टेकले आहेत. यंत्र कोणत्या दिवशी पुढे सरकणार, तेवढे मात्र आदल्या दिवशी तोंडी तरी कळवावे. आई दिवसा घरात एकटी असते आणि तिला ऐकू येत नाही.

आपल्या निरोपाची वाट पाहणारा,

(सही)
अर्जदार, पेंटर
दिनांक : ९ फेब्रुवारी

सोबत :
१) घराचे छायाचित्र, आतून व बाहेरून.
२) यापूर्वीच्या अर्जांच्या प्रती.
३) आईचे छायाचित्र, यंत्र चालवणाऱ्या माणसास दाखवण्याकरिता.