आईचा हात किती अंशांचा

वॉस, ५ ऑक्टोबर २०१४

ती. हेर्बोर्गताईस,
ओमुंडचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू फोनवर ओरडत राहतेस आणि मला एक अक्षर कळत नाही, त्यापेक्षा हे आपलं लिहिणंच बरं. मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या. दोन कमी भरल्या, पण एक नंतर शेजारच्या कळपात पोट भरून उभी सापडली. बटाटे ठीक. मी ठीक.

एक काम आहे आणि तू हसणार आहेस, तर आधी हसून घे. यंदा नाताळची बिअर करताना तापमान मोजायचं एखादं स्वस्तातलं यंत्र वापरून बघावं म्हणतो. आठवतं ना, डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली त्या वर्षी तू नाताळला काचेचा थर्मामीटर घेऊन आली होतीस आणि आईचा हंडा मोजायला निघाली होतीस? मीच तो लपवला होता. तोही दाराआडच्या बुटात. मग बाबांनी बुटात पाय घातला.

गावातल्या दुकानात जाऊन आलो. तिथल्या मुलीनं एवढे प्रकार दाखवले की गोठ्याचा दरवाजा विकत घ्यायला गेलो आणि सगळा गोठा दाखवला असं झालं. एक बंदुकीसारखं रोखायचं, एक मोबाइलवर आकडे पाठवणारं, एक गरम करायची चटई आपोआप चालू-बंद करणारं. किमतीही अशा की त्यात एक चांगला मेंढा येईल. तू तीस वर्षं दुधाचं तापमान मोजलंस. यातलं मला काय लागेल ते सांग. घाई नाही, पण नोव्हेंबरच्या आत.

तुझी माया आहे तशी राहू दे.
ओमुंड

ट्रोनहाइम, १३ ऑक्टोबर

चि. ओमुंड यास,
अ. उ. आ.

बुटाची गोष्ट त्रेचाळीस वर्षांनी कबूल केलीस. बाबांचा अंगठा सुजला तेव्हा आईनं माझ्यावर आवाज चढवला होता, ते मी विसरलेली नाही.

हसले, आणि मग कामाला लागले. तीन प्रकार आणले आणि स्वयंपाकघरात आठवडाभर हाच उद्योग केला. तपासायची रीत सोपी आहे. फोडलेला बर्फ पाण्यात गच्च भरायचा, तिथे शून्य दिसलं पाहिजे. उकळत्या पाण्यात शंभरच्या आसपास. आणि मधल्या तापमानाला माझा डेअरीतला जुना थर्मामीटर आहेच. (दुसरा. पहिला तुझ्या बुटात गेला.)

काटेवालं यंत्र चार अंश कमी दाखवतं आणि रोज वेगळं कमी दाखवतं, ते बाद. बंदुकीवालं दिसायला ऐटदार, पण ते फक्त वरचा पापुद्रा मोजतं. फेसावर रोखलं तर फेसाचं तापमान सांगतं, आणि चकचकीत भांड्यावर रोखलं तर काहीही सांगतं. तिसरी एक साधी डबी आहे. तारेच्या टोकाला स्टीलची बोटभर नळी, तो सेन्सर. डबीत आकडा लावायचा. त्याखाली गेलं की ती चटई चालू करते, आकड्याला पोचलं की बंद. ही सगळ्यांत स्वस्त निघाली, आणि बर्फात फक्त सहा दशांश जास्त दाखवते. तेवढं डबीतच वजा करून ठेवता येतं, मी ते केलं आहे. दुप्पट किमतीची डबी दशांशाचा दहावा भाग दाखवते. बिअरला त्याचं काही घेणंदेणं नाही. थंड करायचं वेगळं बटणही तुला नको. तुझं चूलघर त्यासाठी पुरेसं गार आहे.

एक खबरदारी. नळीचं तोंड नुसत्या गोंदानं बंद केलेलं असतं. पहिली मी उकळत्या पाण्यात सोडली तर आत पाणी शिरलं आणि ती बर्फात पंचाऐंशी दाखवायला लागली. तेव्हा सेन्सर बुडवायचा नाही. दुधाच्या कॅनला बाहेरून, आतल्या पातळीच्या खाली चिकटपट्टीनं घट्ट बसवायचा आणि वरून लोकरीची घडी बांधायची, म्हणजे तो कॅनचं तापमान घेईल, खोलीचं नाही. खाली डुकराच्या पिलांची गरम चटई घाल, ती तुझ्याकडे पडून आहे.

आता मला दोन गोष्टी सांग. डबीत आकडा कोणता लावायचा? आणि पन्नास वर्षं हात बुडवून बिअर करणाऱ्या माणसाला एकाएकी यंत्र का लागलं? खरं लिही.

तुझी थोरली बहीण, जिला तू अजूनही धाकटी समजतोस,
हेर्बोर्ग

वॉस, २२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डबी पोचली. बंद-चालू करून बघितली, दिवा लागतो.

खरं लिहितो. माझ्या हातांना ऊन-गार कळत नाही. मागल्या हिवाळ्यात शेगडीच्या कडेवर हात टेकून उभा होतो, आणि वास आला तेव्हा कळलं की तो माझाच आहे. डॉक्टर म्हणतात साखरेमुळे होतं, आधी पायांना होतं, मग हातांना, आणि गेलेलं परत येत नाही. पायाचं मला माहीत होतं. हाताचं कुणाला सांगितलं नाही.

आता पुढचं. गेल्या नाताळला बिअर झाली नाही तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की माल्ट खराब निघालं. माल्ट चांगलं होतं. मी हात घातला, ठीक वाटलं, कारण मला सगळंच ठीक वाटतं, आणि आपलं विरजण त्या गोड काढ्यात ओतलं. ते भाजून मेलं. मग दुसरी बरणी काढली आणि पुन्हा तेच केलं. आपलं बिअरचं विरजण आता एवढंच उरलंय: आईनं २००३ साली स्वतः वाळवलेली एक कागदी पुडी, फ्रीजरमध्ये, तिच्या अक्षरात तारीख. दोन चमचे असेल. ज्यांच्या घरी आपण दिलं होतं त्यांच्याकडे चौकशी केली. वरच्या घरी म्हातारा गेल्यावर बरण्या फेकल्या. खालच्या घरी आता दुकानातलं पाकीट आणतात आणि त्याबद्दल बढाया मारतात. म्हणजे ही पुडी गेली की संपलं.

आकडा मला माहीत नाही. कसा असणार? आई म्हणायची हात मनगटापर्यंत घाल, आणि काढावासा वाटला पण काढावा लागला नाही तर ओत. मी ते पन्नास वर्षं केलं. मोजलं कधीच नाही, मोजणाऱ्याचा थर्मामीटर लपवला. कोपर घालून बघ असं तू म्हणशील. घातलं. कोपराला काही कळत नाही, त्याला कुणी शिकवलंच नाही.

पण तुझ्या हाताला आईनं शिकवलं होतं. तू ट्रोनहाइमला जाईपर्यंत दर वर्षी ती तुला बोलवायची आणि मला खिडकीपाशी उभं करायची. मला त्याचा राग यायचा. तू गेलीस तेव्हा माझी पाळी आली, म्हणून तुझ्या जाण्याचा मला आनंद झाला होता. तेही आज लिहून टाकतो.

तुझ्या हाताला काही आठवतं का बघ.

तुझ्यावर भार टाकतोय हे जाणणारा,
ओमुंड

ट्रोनहाइम, ४ नोव्हेंबर

चि. ओमुंड यास,
अ. उ. आ.

हाताचं वाचून दोन दिवस पत्र उचलवलं नाही. मग स्वतःवर चिडले. तुझ्या शेवटच्या तीन पत्रांतलं अक्षर कागदावर नांगर चालवल्यासारखं आहे, ते मला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. म्हातारपण म्हणून सोडून दिलं. शेगडीपाशी जाताना आता हातमोजे घाल. विनंती करत नाहीये.

आकड्याचं ऐक. आधी जावयाला विचारलं. एस्किल घरी बिअर करतो, पाकिटातलं यीस्ट आणि पुस्तक समोर उघडं. तो म्हणाला वीस अंश, त्याच्या वर गेलं तर गोंदासारखा वास येतो. त्याच्या यीस्टचं खरंच तसं असेल. पण वीस अंशांत कोण हात घालून काढावासा वाटतो म्हणेल? त्याला म्हटलं, तुझ्या पुस्तकवाल्याला आमची आई भेटली नव्हती.

मग न्हाणीघरात टब भरला. डोळे मिटले, हात मनगटापर्यंत घातला, आणि कढत पाणी घालत गेले. काय सांगू, हाताला आठवतं. प्रथम नुसतं कोमट, मग बोटांच्या बेचक्यांत एक हुळहुळ येते, मग मनगटाच्या आतल्या बाजूला टोचतं. आईचा हात शेजारी असायचा, ज्युनिपरच्या डहाळ्यांच्या काढ्यानं तपकिरी झालेला, आणि ती माझ्या तोंडाकडे बघायची, हंड्याकडे नाही. माझा चेहरा बदलला की ती ओतायची. टोचलं तिथे थांबले आणि मोजलं. बेचाळीस. तीनदा केलं, तीनदा बेचाळीस. तसं पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि टाकायला निघाले.

पेटीपाशी पोचल्यावर दिसलं की तिकीट लावलेलं नाही. हातमोजे घरी, थंडी उणे चार. परत येऊन नळाखाली हात धरले तर चटका बसला. नळ मी नेहमीसारखाच सोडला होता. मी नळ बंद केला, ओमुंड, आणि चूलघर आठवलं. आपलं चूलघर कसं असायचं? श्वासाची वाफ दिसायची. आपण विहिरीवरून पाणी आणून, ज्युनिपर तोडून आत आलेलो असायचो. आईनं शिकवला तो गारठलेला हात होता, आणि मी मोजलं उबदार घरातल्या पेन्शनर बाईच्या हातानं. गार हाताला कमी ऊनही टोचतं. बेचाळीसवर त्या अकरा वर्षांच्या पुडीचं काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

मग सज्जात जाऊन कठड्याचं लोखंड दहा मिनिटं धरून उभी राहिले. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी खिडकी उघडून विचारलं की मला काही त्रास होतोय का. मी म्हटलं, भावासाठी बिअर करतेय. त्यांनी खिडकी लावून घेतली. आत येऊन पुन्हा टब. चार दिवस केलं. अडतीस, साडेसदतीस, अडतीस, साडेअडतीस.

डबीत अडतीस लाव. एका अंशानं खाली गेलं की चटई लागेल असं मी ठेवलं आहे, ते हलवू नकोस. थोडी पुडी वेगळी काढून आधी तपासावी असं मनात आलं, पण दोन चमच्यांतून काय काढणार? सगळी एकदम घाल. कॅन अर्धाच भर.

तू खिडकीपाशी उभा असायचास ते मला माहीत होतं. मी मुद्दाम जास्त वेळ हात ठेवायचे.

सुखरूप असल्याचं कळवत जा, एवढीच अपेक्षा.
हेर्बोर्ग

वॉस, गुरुवार, २० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुपारचे दोन. आज केलं. सकाळी सहापासून चूल पेटवली, ज्युनिपर उकळला, माल्ट घातलं, गाळलं. सगळं हातमोजे घालून, हे तुझ्यासाठी लिहितो. काढा कॅनमध्ये भरल्यावर डबी त्रेसष्ट दाखवत होती. मी स्टुलावर बसून आकडा उतरताना बघत राहिलो. चाळीसला आला तेव्हा सवयीनं बाही वर केली आणि हात घातला. काही नाही. पाण्यात हात आहे एवढंच डोळ्यांना दिसलं. अडतीसला पुडी फोडली. आत तांबूस पापुद्रे, वाळलेल्या चिखलासारखे. ओतले, आणि बाबा करायचे तशी विरजण जागं करायची आरोळी कॅनमध्ये तोंड घालून ठोकली. माझी मलाही ऐकू आली, म्हणजे बरीच मोठी असणार.

चार वाजले. काही नाही. आपलं विरजण दोन तासांत फेस धरायचं. चटई लागते, दिवा दिसतो, थोड्या वेळानं विझतो.

सहा. काही नाही. ओतलं तेव्हा विरजणाला काढा गार वाटला असेल का? तुझा हात तरी पन्नास वर्षांनी खरं बोलला असेल का? डबीवर दोन बटणं आहेत, वरचं दाबलं की आकडा वाढतो. हात त्यांच्यापासून लांब राहावेत म्हणून हे लिहितोय. मागल्या वर्षी मी माझ्यावर विश्वास ठेवला आणि दोन बरण्या मारल्या. यंदा तुझ्यावर ठेवून बघतो. झाकण ठेवून घरात जातो.

शुक्रवार, सकाळी साडेसात. आलो तर दिवा विझलेला. बराच वेळ बसलो, लागेचना. वाटलं चटई बिघडली आणि सगळं गारठलं. आकडा बघायचा धीर झाला नाही. चटईवर हात ठेवला, पण माझा हात ठेवून काय उपयोग. मग घरातून लोण्याचा तुकडा आणला आणि चटईवर ठेवला. पाइप ओढून होईपर्यंत बसलो. लोणी जसंच्या तसं, कोपरेसुद्धा मऊ झाले नाहीत. चटई थंडगार होती. मग डबी बघितली. एकोणचाळीस पूर्णांक चार.

दोनदा चष्मा पुसला. खालून ऊब नाही, चूलघरात पाण्याच्या बादलीवर पापुद्रा धरलाय, आणि कॅन लावलेल्या आकड्यापेक्षा जवळजवळ दीड अंश गरम. ती ऊब आतूनच येत होती, ताई. आपल्यापैकी कुणी लावलेली नव्हती.

झाकण उचललं तर फेस माझ्या हनुवटीला लागला. संत्र्याच्या सालीचा वास आला. तो मला अजून येतो.

उद्या फेस काढून कापडावर वाळत घालतो. शनिवारच्या पुढच्या शनिवारी शेजारी चाखायला येतील. आवडली तर वाडगा पुन्हा पुढे करतील. तू ये. गाडीचं मी बघतो. खिडकीजवळ नको, कॅनपाशी माझ्या शेजारी उभी राहा.

तुझा,
ओमुंड