अण्णांची चौदा हजार पावलं

कर्जत, ११ नोव्हेंबर २०२४

ती. द्वारकाताईस,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझं हसणं ऐकवणार नाही, म्हणून लिहितो आहे. ईशानीने पुण्याहून माझ्यासाठी घड्याळ पाठवलंय. पावलं, नाडी, झोप, सगळं मोजतं. आत सिमकार्ड आहे, त्यामुळे माझी नाडी माझ्याआधी लेकीला कळते. दुपारी जरा आडवा झालो की उठून फिरा म्हणून सांगायला तिचा फोन! निवृत्त मुख्याध्यापकाची हजेरी घेते गं पोरगी.

शेवटी मी ते भागीला बांधलं. आमची धुणी-भांडी करणारी भागी रोज डोंगरावरच्या वाडीतून उतरते आणि परत चढते. ती भांडी घासते तेवढ्यात घड्याळ चार्ज होतं. आता दिवसाला माझी चौदा हजार पावलं होतात. ईशानी खूश आहे. ज्येष्ठ नागरिक संघाने शनिवारी 'सत्तरीनंतरचा व्यायाम' या विषयावर माझं भाषण ठेवलंय. हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझ्या रागालाही लोभच समजणारा,
अण्णा

शिळफाटा, २ डिसेंबर २०२४

चि. अण्णास अनेक आशीर्वाद.

परवा ईशानीचा रडत फोन आला. अण्णांच्या हृदयाचे ठोके चुकताहेत असं घड्याळाने तिला कळवलं म्हणे. तिने अँब्युलन्स धाडली आणि तू भरल्या पानावरून उठून मुकाट्याने स्ट्रेचरवर झोपलास. छातीचा आलेख ठणठणीत निघाला, तर यंत्रच भंपक असं डॉक्टरांना ऐकवून आलास. आता ती ते घड्याळ कंपनीला परत पाठवायला निघाली आहे.

पत्र मी फाडलेलं नाही. अरे, जन्मभर गणित शिकवलंस ना? मग ठोके चुकले कुणाचे? दुखणं भागीचं आणि तपासणी तुझी! भाषणातली शान मिरवायची म्हणून गप्प बसलास, याची मला लाज वाटते. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे शेजारच्या रूपेशच्या हाती देते आहे. तो टेंपो घेऊन दारात थांबेल. भागीला आजच डॉक्टरकडे ने.

शहाणा होशील तर माया आहेच,
द्वारकाताई

कर्जत, ९ डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. न.

भागीला त्याच दिवशी पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. लहानपणीच्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप आकसली आहे. आणखी उशीर झाला असता तर अर्धांगवायूची भीती होती, असं डॉक्टर म्हणाले. औषध सुरू केलंय, पुढच्या सोमवारी फुग्याने झडप उघडणार आहेत. मी ईशानीला सगळं सांगितलं. तिने आधी भागीची चौकशी केली. संघातही सांगितलं, तिथे मात्र सगळे पोट धरून हसले.

डॉक्टरांनी भागीला विचारलं की दम कधीपासून लागतो. ती म्हणाली, दोन पावसाळे झाले. कुणाला सांगितलं होतं का, असं विचारल्यावर तिने माझ्याकडे बघून मान खाली घातली. तिने मलाच सांगितलं होतं, ताई. मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता तिला ओवा चावायला सांगितला होता.

ईशानी म्हणते, ते घड्याळ भागीकडेच राहू दे, तुम्हाला दुसरं पाठवते. मी नको म्हटलं. मला शिंक आली तरी चार माणसं विचारपूस करतात. भागीने तोंडाने सांगितलेलं मात्र मी घड्याळ आणि मग तू बोलेपर्यंत ऐकलं नाही.

रागाव, पण लिहीत राहा.

तुझा,
अण्णा