डावीकडे एक इंच

४ ऑगस्ट

परत आला! तोच निळा शाळेचा स्कर्ट, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा!

तक्रारबाई दुकानात शिरल्या त्या तोंड सुरू करूनच. दोन गिऱ्हाइकं बसलेली, त्यांच्यादेखत स्कर्ट टेबलावर आपटला. "मावशी, तळ वाकडा आहे. डावीकडे लोंबतो. अख्ख्या वर्गात हिचाच!" मागे त्यांची लेक उभी. मी तिला मनात काडी म्हणते. बारा वर्षांची, पण उंचीने आत्ताच आईच्या कानापर्यंत पोचली आहे. मान खाली घालून नखं कुरतडत होती.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. एकतीस वर्षं मशीनवर बसते आहे. या बाई लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारतात. मी जाते का तिथे सांगायला, की तुमचा शिक्का तिरका पडला म्हणून? पण गिऱ्हाईक पडलं. हसून म्हटलं, "ठेवा ताई. देते सरळ करून."

नंतर पसरून पाहिला. डावीकडे मी आधीच पाऊण इंच आखूड ठेवलेला आहे! तरी अंगावर गेला की लोंबतो. शिलाई बिनचूक. मुलीचं अंगच तसं, त्याला मी काय करू? अजून पाव इंच उचललं, टीप मारली, वहीत लिहून ठेवलं. संध्याकाळी काडी येऊन घेऊन गेली. "थँक्यू मावशी" इतकं हळू म्हणाली की ऐकायला मशीन थांबवावं लागलं.

५ ऑगस्ट

दिवसभर पडदे. चौदा नग. पडद्यांना आई नसते, ते एक बरं.

७ ऑगस्ट

वन्सं काडीच्या नव्या शर्टांना बटणं लावत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "अगं, एकाच खांद्यात गादी? दुसरी विसरलीस वाटतं."

म्हटलं, विसरले नाही. तिचा डावा खांदा पडका आहे. दप्तर एकाच खांद्याला अडकवतात हल्ली पोरं. पातळ गादी घातली की कळत नाही.

वन्संची सुई थांबली. "कधीपासून घालतेस?"

वही काढून दाखवली. मला वाटलं, कौतुक करतील! इतकी बारीक नोंद कोण ठेवतं? तीन वर्षांपूर्वी, स्कर्ट डावीकडे पाव इंच. पुढच्या वर्षी अर्धा. मग पाऊण. परवा एक. खांद्याची गादी गेल्या वर्षापासून.

वन्सं चष्मा काढून बसल्या. हाडांच्या वॉर्डात तीस वर्षं आया होत्या त्या. म्हणाल्या, "दप्तराने नाही होत असं. पाठीचा कणा वळत चाललाय पोरीचा. दुखत नाही, म्हणून घरच्यांनाही कळत नाही. तिला कधी पुढे वाकायला लावलंस?"

"मी शिंपीण आहे, कवायतीची बाई नाही," मी म्हटलं.

"पायाची बोटं धरायला लाव. पाठीची एक बाजू वर आली, तर समज."

जरा जास्तच आवाज चढवला मी.

८ ऑगस्ट

हे माझं काम आहे का? पोट सुटलेल्याचं पोट झाकायचं, आखूड मानेला कॉलर उतरवून द्यायची. गिऱ्हाइकाच्या अंगातली खोट त्याच्याच तोंडावर सांगायची नाही, हे मी शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यात शिकले. झाकता येतं म्हणून तर लोक माझ्याकडे येतात.

वन्सं भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "आत्ता तिची उंची भराभर वाढायची वेळ. कणाही भराभर वळेल. उंची थांबली की पाठीला पट्टा लावून उपयोग नाही. मग कापाकापी."

हातातलं पातेलं आपटून उठले.

१० ऑगस्ट

खेळाच्या शर्टाचं माप राहिलंय असं सांगून काडीला बोलावलं. राहिलं नव्हतं. मायलेकी दोघी आल्या. आई बाहेर फोनमध्ये डोकं घालून बसली. पडद्याआड काडी बनियनवर उभी.

मी खडू पाडला. मुद्दाम. "उचल गं बाळा, माझे गुडघे धरलेत."

ती वाकली.

उजवीकडची पाठ वर आली. चादरीखाली कुणी उशी सरकवावी तशी. डावी बाजू सपाट. इतकी वर्षं मी या पाठीवर टेप लावते आहे—उभ्या पाठीवर! वाकलेली कधी पाहिलीच नाही.

काडीने खडू दिला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "मावशी, काय झालं?" काही नाही, म्हटलं. बाहेर येऊन आईला सांगितलं, "तेरवा शर्ट न्यायला या."

११ ऑगस्ट

बोलले नाही. भित्री! भित्री!

१३ ऑगस्ट

बोलले एकदाचं. दुकान रिकामं होतं, काडीला दोरा आणायला पिटाळलं होतं. म्हटलं, "ताई, रागावू नका. हिची पाठ एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. परवा वाकली तेव्हा माझ्या लक्षात आलं."

परवा! जीभ कशी वळली कोण जाणे.

बाई आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल. "स्कर्ट वाकडा शिवलात तो शिवलात, आता माझ्या मुलीलाच वाकडी म्हणता? उद्या गावभर कराल!" शर्ट ओढून घेतला. दारात काडी दोऱ्याचं रीळ घेऊन उभी होती. तिने किती ऐकलं, देव जाणे. आईने तिला दंडाला धरून नेलं. रीळ तिच्याच हातात राहिलं.

वन्सं आतून आल्या. एवढंच म्हणाल्या, "परवा लक्षात आलं का?"

१६ ऑगस्ट

फिरकल्या नाहीत. आज समोरच्या फुटपाथवरून काडी जाताना दिसली. दप्तर दोन्ही खांद्यांना. डावा खांदा तरीही खाली. आता दिसतो म्हणजे दिसतोच. आधी दिसत नव्हता असं म्हणायला मला तोंड नाही.

१९ ऑगस्ट

तक्रारबाई आल्या. एकट्या. मी उठून खुर्ची दिली. बसल्या नाहीत.

डॉक्टरांना दाखवलं. फोटो काढला पाठीचा. कणा वळलाय, एकतीस अंश. "डॉक्टर विचारतात, कधीपासून? मी म्हटलं, टेलरमावशींना गेल्या आठवड्यात पहिल्यांदा दिसलं. मग ते गंभीर झाले. म्हणाले, इतक्या थोड्या दिवसांत एवढं वळलं असेल तर कारण वेगळं असू शकतं. मणक्याच्या आतलं मोठं स्कॅनिंग करू. ऑपरेशनचाही विचार करावा लागेल. तेवीसला बोलावलंय."

मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं, मावशी. त्या दिवशी मी वेडंवाकडं बोलले." माझे आभार मानत होत्या त्या! माझे!

वही कात्रीखाली होती. हात लांब केला असता तर लागली असती. मी म्हटलं, "होईल सगळं ठीक."

२० ऑगस्ट

दुपारी दुकान बंद ठेवलं. वहीतलं ते पान उघडून बसले. पाव, अर्धा, पाऊण, एक. तारखांसकट, माझ्याच सुबक अक्षरात. हे पान डॉक्टरांनी पाहिलं तर त्यांना कळेल की तीन वर्षं हळूहळू चाललंय. न पाहिलं तर पोरीला नसत्या ऑपरेशनपर्यंत नेतील.

आणि पाहिलं तर सगळ्या आयांना कळेल, की हिला माहीत होतं आणि ही गाद्या घालत बसली. कोण टाकेल पाऊल दुकानात?

खरं लिहायचं तर पान दोन बोटांत धरलं होतं. एक झटका पुरे होता. वन्सं चहा ठेवून गेल्या, वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

२१ ऑगस्ट

लायब्ररीत गेले. काउंटरवर तीन माणसं होती. ती जाईपर्यंत वही छातीशी धरून उभी राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

"ताई, मी खोटं बोलले. परवा नाही. तीन वर्षं झाली." वही उघडून समोर ठेवली. कुठलं काय ते बोट ठेवून समजावलं.

त्यांनी एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. दुसऱ्या हातात शिक्का तसाच अधांतरी. मला वाटलं, फेकून मारणार. मारला असता तरी चाललं असतं.

"गादीसुद्धा घातलीत?"

"घातली."

"वही राहू दे माझ्याकडे. तुम्ही जा आता."

घरी येईपर्यंत रडू आवरलं. वन्संना पाहिलं आणि नाही आवरलं.

२३ ऑगस्ट

आज डॉक्टरांकडे गेल्या असतील. कुणाची तरी कॉलर उलटी कापली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

२४ ऑगस्ट

काही नाही. दाराकडे बघून बघून मान धरली.

२५ ऑगस्ट

आल्या! दोघी!

डॉक्टरांनी माझ्या पानाची नक्कल काढून फाइलला लावली. हळूहळू वाढलंय, म्हणजे ऑपरेशनचा विषय तूर्त नाही. पट्टा लागेल, प्लास्टिकचा, अंघोळ सोडून दिवसरात्र. चार महिन्यांनी पुन्हा फोटो. थांबलं तर थांबलं, नाहीतर पुढे बघू. वेळेत आलात, असंही म्हणाले. वन्संनी देव्हाऱ्याकडे न जाता थेट काडीच्या डोक्यावर हात ठेवला.

काडीला पट्ट्यावरून बसतील असे शर्ट हवेत. मी विचारलं, "सैल शिवू? झाकेल असा?" म्हणाली, "झाकू नका. फक्त हात वर करता आला पाहिजे. मला बास्केटबॉल खेळायचाय." पुढच्या बाकावरच्यांना आधीच सांगून टाकलंय म्हणे तिने. आणि रीळ परत दिलं!

माप घेतलं. डावा आणि उजवा खांदा वेगवेगळा, दोन्ही आकडे मोठ्याने उच्चारून.

२६ ऑगस्ट

तक्रारबाई वही द्यायला आल्या. काल राहिली होती. देऊन निघाल्या, उंबऱ्यावरून परत वळल्या.

"मावशी, तो स्कर्ट मी घरी पलंगावर पसरून बघायचे. डावी बाजू तुम्ही आखूड ठेवलेली दिसायची. दर वर्षी जास्त. तरी हिच्या अंगावर ती लोंबायचीच."

कसंबसं विचारलं, "मग परत का आणत होतात?"

"तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून. तुम्हाला कळलंय हे मला दिसत होतं. मला विचारायचा धीर नव्हता. आणि तुम्ही दर वेळी हसून म्हणायचात, 'ठेवा ताई, देते सरळ करून.' मग मला वाटायचं, काही नसेल."