दादाच्या नावाच्या पाटल्या

आजरा,
५ सप्टेंबर १९६७

ती. दादास पद्मजाचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. यंदा शाळेत मला सातवीचा वर्ग दिलाय, त्यामुळे घसा कायम बसलेला. तू म्हणशील, घरच्यांची सोय झाली!

ह्यांच्या हाती एक पुडी पाठवली आहे. ती आईसमोर उघडू नकोस. आत सोन्याच्या पाटल्या आहेत. दचकू नकोस, चोरलेल्या नाहीत. पगारातून थोडं थोडं बाजूला टाकून तिकडे कोल्हापुरातच, गुजरीतल्या सोनाराकडून करून घेतल्या.

आईच्या जुन्या पाटल्या तुझ्या कॉलेजपायी मोडल्या. पुढे आपले आण्णा गेले आणि काचेच्या बांगड्याही गेल्या. तेव्हापासून मी माहेरी आले आणि ती वाढायला वाकली, की ते उघडं मनगट ताटासमोर येतं आणि मला घास जात नाही. नवरा गेलेल्या बाईला हातात तेवढं सोनंच काय ते चालतं. तेही तिला नसावं?

मी दिल्या तर ती घेणार नाही. दिलेल्या मुलीच्या घरचं घ्यायचं नाही म्हणजे नाही. इथले तांदूळ आणले तरी माझ्या हातावर रुपया ठेवते. मुकाट्यानं घेते ती फक्त फुलं, कारण ती देवाला जातात. म्हणून मी आपली दरवेळी शाळेच्या आवारातला सोनचाफा घेऊन येते. तेव्हा पाटल्या तू दे, तुझ्या कमाईच्या म्हणून. घर चालवून तुझ्या हाती किती उरतं, हे तिला नेमकं कुठे ठाऊक आहे! एवढं एक खोटं माझ्यासाठी बोल ना.

रागावलास तर राग भेटीपर्यंत राखून ठेव, लोभ मात्र आताच पाठव.

तुझी,
पद्मू


कोल्हापूर,
२० सप्टेंबर १९६७

चि. सौ. पद्मजास अ. उ. आ.

मास्तरीणबाई, हुकूम बजावला. पाठ केलेलं वाक्य म्हणताना माझे कान तापले. आईला वाटलं, मी लाजलो.

पाटल्या हातात घेऊन तिनं कपाळाला लावल्या. मग देवापुढे ठेवून रडली. घाल म्हटलं, तर नवरात्र येऊ दे म्हणाली. असेल काही मुहूर्त. शेजारच्या झुंबरबाईंना मात्र लगेच बोलावून दाखवल्या. त्या म्हणाल्या की ल्योक असावा तर असा, न्हायतर आमचं ध्यान हाय की, आमच्याच जिवावर चहा पितंय! मी उठून बाहेर गेलो.

पद्मू, तुझ्या वाटणीचं कौतुक मला पचत नाही. पण आई सध्या कामं करताना गुणगुणते, ते ऐकून गप्प बसतो. लोभ आहेच, पण पुन्हा असली कामगिरी सांगशील तर तो थोडा कमी करावा लागेल.

तुझा,
दादा


कोल्हापूर,
८ ऑक्टोबर १९६७

चि. सौ. पद्मूस आईचे अनेक आशीर्वाद.

तुला एक आनंदाची गोष्ट कळवायची आहे. दादा लहानपणी विषमज्वरानं अगदी हातचा चालला होता. तेव्हा मी अंबाबाईला बोलले होते की माझं पोर जगू दे, त्याच्या कमाईचं पहिलं सोनं तुझ्या पायाशी घालीन. आण्णांना सांगितलं नाही, ते हसले असते. दादा नोकरीला लागला, पण घरात सोनं कुठून येणार? त्याच्याकडे मागायचं तरी कसं? देवीचं देणं डोक्यावर घेऊनच जाते की काय, याचा घोर लागला होता बघ.

आणि त्यानं आपणहून पाटल्या आणल्या! नवरात्र लागताच देवीला वाहून आले. हातात घालूनसुद्धा पाहिल्या नाहीत, वापरलेलं देवीला कसं द्यायचं? आता मी मोकळी झाले. देणं अंगावर असताना दुसरं काही मागायला तोंड नव्हतं. आता तुझ्यासाठी मागता येईल. माझ्या मनात काय आहे ते तुला सांगायला नको.

दादाला सांगितलं तर त्याचं तोंड एवढंसं झालं. सोन्याचा मोह कुणाला सुटतो! तू त्याची समजूत काढ, तुझं ऐकतो तो. दिवाळीला ये. जावईबापूंना आशीर्वाद. शाळेत फार ओरडू नकोस, आणि म्हाताऱ्या आईवर माया ठेव.

तुझी,
आई


कोल्हापूर,
१० ऑक्टोबर १९६७

चि. पद्मूस अ. उ. आ.

आईचं पत्र मिळालंच असेल. आता मी काय करू?

खरं सांगितलं तर नवस फिटलाच नाही असं होतं, आणि वर लेकीच्या घरचं सोनं घेतलं म्हणून ती झुरणार. गप्प बसावं, तर तिचं मनगट होतं तसंच. असल्या गोष्टी मी मानत नाही, पण परवापासून देवळापाशी आलो की आपोआप सायकलवरून उतरतो. कर्ज काढून दुसऱ्या करीन म्हटलं, तर म्हणते, आता येणाऱ्या सुनेला कर. तिच्यापुढे माझं काही चालत नाही. तूच ये आणि काहीतरी कर. माझ्यावर लोभ कर, नाहीतर ओरड, पण ये.

तुझा,
दादा


आजरा,
१२ नोव्हेंबर १९६७

ती. दादास सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. डब्यातल्या उरलेल्या चकल्या मीच आणल्या, उगाच उंदरांवर आळ घेऊ नकोस.

दिवाळीत तू कामावर गेलास त्या दिवशी आई मला देवळात घेऊन गेली. गर्दीत टाचा उंचावून तिनं दाखवलं, की ती बघ, देवीच्या हातात दादाची पाटली. मला एवढ्या लांबून काही ओळखू आलं नाही. तरी मी हो म्हटलं. तिचा चेहरा पाहून खरं सांगायचं मनातसुद्धा आलं नाही. मग पदर पसरून, डोळे मिटून ती कितीतरी वेळ पुटपुटत राहिली.

बाहेर आल्यावर मी हळूच विषय काढला, की पुढेमागे दादाला दुसऱ्या पाटल्या करायला लावीन. तशी ती थांबली आणि म्हणाली, आता नको गं, आत्ताच देवीला शब्द देऊन आले. पद्मूची कूस उजव, या जन्मात मी हाताला सोनं लावणार नाही, असा. वर मलाच विचारते, की तुझ्यासाठी द्यायला माझ्याजवळ दुसरं होतं तरी काय?

मी भांडणार होते रे. पण कोणत्या तोंडानं? लग्नाला सहा वर्षं झाली. मूल मला हवंच आहे. ते व्हावं म्हणून मीही रोज देवापुढे उभी राहते. तो नवस मोड, असं मला तिला म्हणता आलं नाही. मनातसुद्धा म्हणता आलं नाही.

तू आता काही करू नकोस. कर्ज काढू नकोस, खरं बोलू नकोस. आईकडे लक्ष ठेव, आणि तुझा लोभ मला यापुढे जरा जास्तच लागेल.

तुझी,
पद्मू