तोडीनंतर झाडे का लावली, याचे चौथे उत्तर

प्रति,
मा. अधिकारी, खाजगी वने विभाग,
दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली.

विषय: तोडलेल्या जागी पुन्हा झाडे लावल्याच्या कारणाबाबत.
संदर्भ: आपल्याकडून शेरे मारून परत आलेले तीन नमुने.

महोदय,

१. अर्जदार बाई डोंगरउतारावरच्या वीस एकर खाजगी वनाची मालकीण आहे. गेल्या हंगामात तिने परवाना काढून झाडे विकली आणि लगेच त्याच जागी रोपे लावली. तोडल्याबद्दल आपण तिला एक प्रश्नही विचारला नाही. लावल्याबद्दल मात्र छापील नमुना धाडला: कारण अनुदान, करसवलत, सक्ती की इतर? 'इतर'पुढे जेमतेम दोन शब्दांची जागा.

२. पहिल्यांदा तिने ती कोरी ठेवली. शेरा: 'अपूर्ण'. मग 'उतारासाठी' असे लिहिले. शेरा: 'अपुरे'. म्हणून ती समक्ष आली. आपले लिपिक नखे कापत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, फुकट कोणी झाडं लावत नाही. अनुदानावर खूण करा आणि सुटा." अर्जदाराने अनुदान घेतलेले नाही, आणि न घेतलेले घेतले म्हणण्याइतकी ती शिकलेली नाही. कारण न दिल्यास रोपांची नोंद होणार नाही, जमीन पडीक ठरेल आणि खडीच्या खाणीला देता येईल, असेही त्यांनी नखांकडे पाहतच सांगितले.

३. अर्जदाराच्या सासऱ्यांनी हाच उतार एकदा तोडून उघडा टाकला होता. तिसऱ्या वर्षी मुसळधार पावसात माती सुटली. खाली गोठ्यात नणंद धार काढत होती. मुलीला घेऊन ती माहेरीच राहत असे. दोन दिवस उकरल्यावर सापडली. सासरे मरेपर्यंत डोंगराकडे पाठ करून जेवले. तेव्हा तिसऱ्या नमुन्यात, जागेच्या मापाने, अर्जदाराने लिहिले: 'नणंद गाडली'. शेरा: 'असंबद्ध'.

४. आपण उतारावर येऊन पाहावे, अशी विनंती नाही. चढ आहे, आणि वर खुर्ची नाही. पडीकची नोटीस काढायचीच असेल तर ती टपालाने पाठवू नये. शेरा मारणाऱ्यानेच ती आणावी आणि उताराखालच्या घरात द्यावी. तिथे आता नणंदेची मुलगी संसार करते.

५. उरलेली दोनशे रोपे येत्या सोमवारी लावली जातील. त्यासाठी परवानगी मागितलेली नाही.

आपली, कागदापुरती नम्र,
(सही)
उतारावरच्या वनाची मालकीण
दिनांक: नमुना तिसऱ्यांदा परत आला तोच दिवस

सोबत: वरील तीन नमुने, शेऱ्यांसह.