कळलावीच्या पानाचं टोक

माय, आज शाळेतल्या मुलींना घेऊन माळावर गेले होते. एका पोरीनं कळलावीची दोन फुलं आणून माझ्यापुढं धरली, एक पिवळं, एक लालभडक. "बाई, ही दोन वेगळी झाडं ना?" मीही तुला हेच विचारलं होतं, आठ-नऊ वर्षांची असताना, कुरुंद्याच्या आपल्या बांधावर. तू खुरपं खाली ठेवून म्हणालीस, "दोन काहून? एकच हाये. आज पिवळं, चार दिसांनी लाल. रंगावर जाऊ नको, पाकळ्या मोज." दोन्हींना सहाच होत्या, नागमोडी काठांच्या, वर उलटलेल्या. मग तू तिचं पान माझ्या बोटाला लावलंस. टोक बारीक होत जाऊन वळलेलं, बोटाला वेढा घालणारं. "फूल असलं तर कोणीबी वळखतं. फूल गळल्यावर ह्ये पाहायचं. याचा कंद पोटात गेला तर माणूस वाचत न्हाई."

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात, गावात जाळपोळीची भीती म्हणून, आपण पैनगंगेपलीकडं माळावर पालं टाकून राहिलो. ज्वारी संपली तेव्हा शेजारच्या पालातल्या मावशीबरोबर तू मला करांदे, उकडून खायचे रानकंद, खणायला धाडलंस. मी बारा वर्षांची होते. करांद्याचे रुंद पानांचे वेल झुडपात दुसऱ्या वेलांशी गुंतलेले. वेल धरून मुळापर्यंत जायचं तू शिकवलं होतंस. मी मात्र घाईनं, माती भुसभुशीत लागेल तिथं खणत गेले आणि सगळं मावशीच्या टोपलीत टाकलं. संध्याकाळी तिचं मडकं चुलीवर आहे, तिची दोन लेकरं भोवती बसलीत. तू जाता जाता डोकावतेस, पळीनं एक कंद वर काढतेस, लांबट, कोयत्यासारखा वाकडा, आणि मडकं लाथेनं उलथून टाकतेस. लेकरं रडायला लागतात.

"कळलावी हाये ही! कुणी खंदली?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. "म्याच," ती म्हणाली, "नजर चुकली."

"नजर चुकली? लेकरं मारली असती तू!" सगळ्या पालांसमोर तू तिला बोलत राहिलीस आणि ती ऐकत राहिली. मग आपल्या पालात उरली होती ती अर्धी भाकर तू तिच्या लेकरांना नेऊन दिलीस.

गावी परतल्यावरही बायका ते विसरल्या नाहीत. लग्नाकार्यात मावशीला भाजी निवडायला कोणी बसवेना. तिनं कधी तोंड उघडलं नाही. तुझ्या शेवटच्या आजारात तीच रोज येऊन तुझे पाय चेपायची, आणि एकदा ती उठून घरी गेल्यावर तू मला म्हणालीस, "बाई लाखाची हाये, पण तिच्या हातचं जपून खा." तेव्हाही मी गप्प राहिले. तो कंद मी खणला होता, माय.

तुला हे लिहिणं सोपं आहे. तू वाचणार नाहीस. मावशी अजून आहे. आज माळावरून परतताना तिच्या दारावरूनच आले. ती उंबऱ्यात बसली होती, "ये की, बस," म्हणाली. मुली वळणावर थांबल्यात, असं सांगून मी पुढं निघाले. मुली केव्हाच घरी गेल्या होत्या.