सत्तरीपुढची सायकल

मंगळवार, ४ मार्च. सकाळी आठ वाजून दहा मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. याच वेळी आमच्या फाटकातून सायकल नेली. रोजच्यासारखं ह्यांना फाटकाशी खुर्चीत बसवून मी आंघोळीला गेले होते. डोक्याला साबण! बाहेर गाडीचा मागचा फाळका आपटल्याचा आवाज आला म्हणून टॉवेल गुंडाळून तशीच खिडकीशी धावले — तर नगरपालिकेच्या टेम्पोत ह्यांची काळी सायकल आडवी टाकलेली, आणि हे फाटक धरून उभे. मी ओरडले. टेम्पो निघून गेला. समोरच्या दंतवैद्याकडे रांगेत बसलेल्यांनी मात्र मला नीट पाहून घेतलं. घेऊ देत!

ह्यांना विचारलं, "तुम्ही काही बोलला नाहीत त्यांना?" मान हलली. हो की नाही, कळायला मार्ग नाही. हल्ली मान आपली आपणच हलत असते.

फाटकाला नोटीस चिकटवून गेलेत. सत्तरीपुढच्या चालकाने सायकल-परवान्याच्या बिल्ल्यावर तंदुरुस्तीचा शिक्का घेतलेला नाही, सबब वाहन ताब्यात. वाहन म्हणे!

बुधवार, ५ मार्च

झोप नाही. राग हा एकच व्यायाम उरलाय मला.

ह्यांना कंपवात आहे. स्वयंपाकघराच्या दारापाशी पाय जमिनीला खिळतात. मी पुढ्यात उभी राहून "डावा... उजवा..." म्हणते तेव्हा कुठे एक पाऊल सुटतं. पण सायकलवर बसवलं की हाच माणूस सरळ निघतो! डॉक्टर म्हणाले, असं होतं काहीकाहींचं, का होतं ते आम्हालाही नीट माहीत नाही. मी सीट धरते, हे टांग टाकतात, मी पाठीमागून एक रेटा देते — गेले. तळ्याभोवतीच्या रस्त्यावर फेऱ्या. पाठ ताठ, हात स्थिर. घराशी आले की मी हँडल धरून उतरवून घेते. कधीकधी तर मला हूल देऊन पुढेच निघून जातात. हाका मारल्या तरी नाही. मग शेवटी मेंदीच्या कुंपणात चाक घुसवून थांबतात, शाळकरी पोरासारखे!

तेवढा अर्धा तास मला नवरा दिसतो. उरलेला दिवस पेशंट. आणि तो अर्धा तास नगरपालिकेने टेम्पोत टाकून नेला.

गुरुवार, ६ मार्च

नगरपालिकेत जाऊन आले. इस्त्रीची साडी नेसून गेले, टेलिफोन एक्सचेंजमध्ये सुपरवायझर असताना जशी जायचे तशी. मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, भांडायला जाताना केस आधी नीट विंचरावेत. त्यांचं इतर काही फारसं पटलं नाही, हे पटलं.

ज्याने सायकल नेली तो निरीक्षकच टेबलाशी होता. तिशीचा असेल, खाकी कपड्यात. मला पाहून उगाच उभा राहिला.

"आजी, नियम मी नाही केला."

"मी तुमची आजी कधीपासून झाले? असते तर आत्ता कान धरला असता."

"मॅडम. बरं. सत्तरीपुढे चालवू नका असं नाहीये, मॅडम. चाचणी द्यायची, शिक्का मिळतो."

"काय असते चाचणी?"

"सायकल हातात धरून त्या दोन खांबांमधून चालत यायचं. वळायचं. मग एका पायावर उभं राहायचं."

"आणि सायकल चालवून कधी दाखवायची?"

शेजारच्या कारकुनाने तोंड उघडलं — "आवारात सायकल चालवायला बंदी आहे."

मी म्हटलं, "पोहण्याची परीक्षा जिन्यात घेता का तुम्ही?" मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. कारकून नाही हसला. सोमवारची वेळ दिली.

निरीक्षक दारापर्यंत सोडायला आला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, तोंड उघडलं, मिटलं. पाघळला असेल. मी थांबले नाही.

शुक्रवार, ७ मार्च

लेकीचा फोन.

"आई, जाऊ दे ना आता. बाबा पडले म्हणजे?"

"पडले तर उचलेन. खुर्चीत कुजण्यापेक्षा बरं."

"बाबांना विचारलंस का, त्यांना काय वाटतं?"

म्हटलं, पन्नास वर्षं संसार केलाय, विचारावं लागत नाही. तिकडून नुसता सुस्कारा. बापाची लाडकी, आणि बापाच्या बाजूने भांडायची वेळ आली तर ही अशी!

शनिवार, ८ मार्च

दिवसभर खुर्ची. संध्याकाळी खुर्चीची दिशा बदलली, एवढंच.

सोमवार, १० मार्च

लिहवत नाही, पण लिहिते.

कचेरीच्या व्हरांड्यात चाचणी. ह्यांच्या हातात दुसऱ्याच कुणाची तरी गंजकी सायकल दिली. दोन खांब. पलीकडे कारकून हातात पेन घेऊन उभा. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलं. खांबाशी आले आणि पाय खिळले. अख्खं अंग पुढे झुकलेलं, पाय मागेच. मी "डावा!" म्हणायला गेले तर कारकून — "मॅडम, बाहेरून मदत करायची नाही."

बाहेरून! माझ्याच नवऱ्याला!

माणसं ह्यांना वळसा घालून जात होती. कुणीतरी "काका, बाजूला व्हा जरा" असंही म्हणालं. हे तसेच. कपाळावरचा घाम नाकावरून टपकत होता, तो पुसायलाही हात सुटेना. शेवटी निरीक्षकाने सायकल काढून घेतली आणि हळूच म्हणाला, "काका, माझ्या बुटावर पाय ठेवा बघू." आणि ह्यांनी ठेवला. चालले!

शेरा: नापास. ह्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना गणितात पास केलं. खाजगी शिकवणी, तीही फुकट.

घरी येताना रिक्षात मी बडबड बडबड बडबडले. हे बाहेर रस्त्याकडे पाहत होते.

गुरुवार, १३ मार्च

आज थेट मुख्याधिकारी. बाई आहेत, आमच्या लेकीच्या वयाच्या. चिठ्ठी पाठवली, तासभर बसवलं, पण ऐकून घेतलं. म्हटलं, तुमची नियमावली सायकलची आहे की चालण्याची? माझ्या नवऱ्याला चालता येत नाही हे सिद्ध करायला नगरपालिकेची गरज नव्हती, ते मी रोज बघते. चालवू द्या त्यांना. तुमच्या डोळ्यांसमोर. मग बोला.

बाईंनी डायरी उघडली. म्हणाल्या, "सोमवारी सकाळी. जप्तीच्या गोदामामागे मोकळी जागा आहे, ती आवारात धरत नाहीत. मी स्वतः येते."

जिंकले! अर्धं तरी. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ओठ हलले. आवाज आता इतका बारीक झालाय की पंखा बंद केल्याशिवाय कळत नाही. पंखा बंद करेपर्यंत ओठ थांबले होते.

रविवार, १६ मार्च

ह्यांची दाढी केली, पांढरा शर्ट काढून ठेवला. रात्री जेवले नाहीत. परीक्षेची धास्ती! म्हटलं, अहो, तुम्हाला फक्त बसायचंय. पुढचं सायकल बघून घेईल.

सोमवार, १७ मार्च

गोदामात सायकलींचा नुसता डोंगर. त्यातून आमची काढली, निरीक्षकाने चाकांत हवा भरली. बाई छत्री घेऊन उभ्या. खिडक्यांतून कारकून डोकावलेले. बरं झालं, बघू देत म्हटलं.

मी सीट धरली, ह्यांनी टांग टाकली, मी रेटा दिला.

गेले! अशी पाठ ताठ, असा सुरेख गोल काढला की बाई "अरे वा!" म्हणाल्या. दुसरी फेरी. तिसरी. बाई म्हणाल्या, "पुरे, काका, या आता." हे आले नाहीत. मी टाळ्या वाजवत होते! "दाखवा त्यांना! अजून एक!" असंही ओरडले. हो, मीच.

पुढच्या फेरीला हे अगदी जवळून गेले तेव्हा तोंड दिसलं. जबडा आवळलेला, डोळे फाटलेले. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. निरीक्षकाकडे पाहत होते. एकच शब्द आला —

"धरा."

तो धावला. कॅरिअर धरून बरोबर पळत गेला, पायांनी माती उकरत थांबवली. ह्यांना उतरवलं. पँट ओली झाली होती. बाईंनी छत्री खाली घेतली, खिडक्यांच्या आणि ह्यांच्या मध्ये. तेवढं मी पाहिलं.

बाईंनी जवळ जाऊन विचारलं, "काका, शिक्का हवाय ना तुम्हाला?"

इथे पंखा नव्हता. सगळं ऐकू आलं.

"नको. सुरू झालं की... थांबवता येत नाही. रोज."

मी म्हटलं, "अहो, काय बोलताय? आणि त्यांनी सायकल उचलून नेली त्याचं काय?"

"मीच सांगितलं. न्या म्हणून."

निरीक्षक बुटांकडे बघत होता. म्हणाला, "आम्ही नुसती नोटीस द्यायला आलो होतो, मॅडम. काका खुर्चीतून उठले, फाटक धरलं, आणि... हातच जोडले हो त्यांनी."

मंगळवार, १८ मार्च

म्हणजे माझ्यासमोरून पुढे निघून जायचे तेव्हा हूल नव्हती. हाक मारत असतील. आवाज पोचत नसेल. आणि मी फाटकात उभी राहून हसत होते.

बुधवार, १९ मार्च

लेकीला फोन केला. तिने विचारलं, "कसे आहेत बाबा?" मला उत्तर आलं नाही.

गुरुवार, २० मार्च

आज ह्यांच्या पुढ्यात पाटी धरून कोरा कागद ठेवला, बोटांत पेन दिलं. प्रश्न एकच: खाकी कपड्यातल्या परक्या माणसापुढे हात जोडलेत, मला का नाही सांगितलंत? अक्षर मुंगीएवढं येतं हल्ली, ठाऊक आहे. भिंग आणलंय. उत्तर लेखी हवं, रविवार, २३ मार्च, संध्याकाळी सहाच्या आत. तोवर मी तोंड उघडणार नाही.